नामदेवबुवांच्या सात बाटल्या

नामदेवबुवा कुणाच्याही घरी आले की आधी पाणी मागत. एक घोट तोंडात धरून डोळे मिटत आणि पाणी कुठल्या विहिरीचं ते सांगत. "मारुतीजवळची. गाळ काढा." मग पेला तिथंच ठेवून पुढच्या घरी.

मुलांनो, लग्न होऊन मी वरवट बकालला आले तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि सरकार नागपुरात बसे. नामदेवबुवा आमचे शेजारी. कपाशीचे चांगले शेतकरी, पण शेतात कमी आणि विहिरींवर जास्त. गावचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. त्यांच्या म्हाताऱ्या आईचे, गोदामायचे, पाय सुजत. वैद्य झाले, दवाखाना झाला, सूज तशीच. तेव्हापासून बुवांना एक शब्द चिकटला होता, काऊन, म्हणजे का. चहासुद्धा उभ्यानं, येरझारा घालत पीत. "डाळ शिजत नाही, काऊन? मायचे पाय सुजते, काऊन?" सासूबाई म्हणत, मला तर या माणसाच्या वहाणांची दया येते.

मी इंग्रजी शिकलेली, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दाराआड पदर सावरून लिहायची, ते अंगणात फेऱ्या मारत सांगायचे. मागणं आरोग्य-संशोधनाच्या केंद्राचं: एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक डॉक्टर आणि हे चालवायला सरकारी ग्रँट.

"लिही सूनबाई, माणूस बिमार पडल्यावर दवाखाना हाय. काऊन पडला, थे पाहाले जागा नाही."

याहून चांगलं वाक्य मला सुचलं नाही. तेच इंग्रजीत घातलं.

चौथ्या अर्जाला उत्तर आलं. साहेब येऊन विहिरींचं पाणी तपासतील, दोष दिसला तर ग्रँटचा विचार होईल. साहेब यायच्या दिवशी बुवांनी सात विहिरींचं पाणी औषधाच्या सात रिकाम्या बाटल्यांत भरलं, चिठ्ठ्या लावून ओसरीवर मांडलं आणि साहेबांना आणायला वेशीकडे धावले.

साहेबांनी पहिल्या बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतून औषधाचे थेंब टाकले. खारं पाणी दुधासारखं होणार होतं. झालं नाही. सातही बाटल्या तशाच, निर्मळ. साहेबांनी विचारलं, गावच्या विहिरींचं पाणी हेच का?

बुवांनी एका बाटलीतला घोट घेतला आणि दाराकडे पाहिलं. दारात गोदामाय उभी होती. लुगडं ओलं, चेहरा फुललेला. आमच्याकडे पाहुण्याला खारं पाणी देणं म्हणजे घराची लाज. त्याच्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याहून गाडीनं आणलेलं गोड पाणी रांजणात राखून ठेवत. पाहुणा आपलं पाणी पाहायला येणार, एवढंच तिला कळलं होतं. तिनं सगळ्या बाटल्या ओतून दिल्या आणि रांजणातून भरल्या.

खरं सांगितलं असतं तर साहेबांनी पुन्हा पाणी घेतलं असतं. पण ओसरीवर सारं गाव जमलं होतं.

"हो साहेब, हेच," बुवा म्हणाले.

साहेब गेल्यावर गोदामायनं विचारलं, "खूश झाला ना बापा पाहुणा?"

"लय खूश झाला, माय."

मला राहवेना. मी दाराआडून हळूच म्हटलं, पुन्हा अर्ज करू, झालं ते मी नीट शब्दांत मांडते. कागदही काढला.

"नको सूनबाई," ते म्हणाले. "आपल्याच हातानं झालं, हे मायले समजन. माय हाय तवर नको."