चादरीतलं वाचन

"उजेडाचं मला शिकवू नकोस! तीस वर्षं ट्यूबा बसवल्यात मी!" असं बायकोला बजावून सुभाषराव लॅपटॉपसमोर बसले.

सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये दुपारचे चार वाजले होते. पुण्याहून लेकीचा, गीतांजलीचा मेल आला होता. ‘बाबा, दिवाळी अंकासाठी तुमच्यावर लिहिलंय. पाचच्या आत हो म्हणालात तरच पाठवेन.’

आपल्यावर! सुभाषरावांना कोण आनंद झाला. पण चकाकणाऱ्या स्क्रीनवर दिसत काय होतं? पाठीमागची खिडकी, तिथं वाळत घातलेलं बनियन आणि मधोमध खुद्द सुभाषराव!

पडदा ओढला, तरी पातळ कापडातून ऊन यायचं ते आलंच. मग "उजेडानंच उजेड मारतो," म्हणत त्यांनी ट्यूब लावली. ती स्क्रीनवर आडवी पसरली आणि नेमक्या तीन ओळी गिळून बसली. ब्राइटनेस वाढवला, डोळे चुरचुरले. कमी केला, स्क्रीन ठार काळी!

"खालून प्रिंट काढून आणू का?" जयमालाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"तू टेन्शन घेऊ नकोस!"

साडेचार झाले. शेवटी त्यांनी सोलापुरी चादर लॅपटॉपसकट डोक्यावरून घेतली. वा! अक्षर न् अक्षर दिसू लागलं.

‘उरणला असताना रोज लाइट जायचे. बाबा माझ्या डाव्या खांद्यामागे बॅटरी धरून उभे राहायचे, हाताची सावली वहीवर पडू नये म्हणून. हात भरून आला की हात बदलायचे. बसायचे मात्र नाहीत.’

सुभाषरावांनी नाक ओढलं. पुन्हा ओढलं.

जयमालाबाई बाहेर आल्या. बघतात तो चादर, आत वाकलेला नवरा आणि सूं सूं!

"अहो, वाफ घेताय? सर्दी झाली तर सांगायचं तरी!" बामानं माखलेली बोटं त्यांनी चादरीत घातली. नाक समजून लावली ती थेट डोळ्याला!

"आई गं! वाचतोय मी!"

"चादरीत?"

"बाहेर उजेड फार आहे!"

पाचला दहा कमी. डोळे काही उघडेनात. "तिनं बॅटरीचं लिहिलंय गं," एवढंच ते कसंबसं बोलले.

 बारा वर्षं न हललेलं टेबल जयमालाबाईंनी सरळ आडवं फिरवलं. खिडकी डावीकडे आली, स्क्रीन लख्ख झाली. "पोरीला बरोबर डावीकडून उजेड दिलात. स्वतःला द्यायचं सुचलं नाही!"

त्यांनी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी शेवटी आवाज जरा अडकला. सुभाषराव म्हणाले, "तिला ‘हो’ लिही."

पाच वाजता गीतांजलीचा फोन आला. जयमालाबाईंनी "बोल गं," म्हणत तो स्पीकरवर टाकला. "बाबा, रडलात ना?"

"छे! बाम गेला डोळ्यात."

"आणि आईचा आवाज असा का येतोय?"

सुभाषरावांनी बायकोकडे बघितलं. "तिच्याही गेला!"