समुद्राच्या पाण्यात अंगठा

भूमिकाने विचारलं तेव्हा मी फक्त 'बरं' म्हणालो. या एका शब्दाने मला जन्मभर गोत्यात आणलं आहे. (लग्नही असंच ठरलं होतं.)

आमच्या सुनंदाबाईला काचबिंदू. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. तिने समुद्र पाहिला नव्हता. जाऊ, जाऊ म्हणत आम्ही केळीचे दोन हंगाम घालवले आणि पाचोऱ्याहून कोकणात पोहोचलो तेव्हा तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मग नातीने, भूमिकाने, तोड काढली. आबांनी पाण्याखाली जायचं, प्रवाळ, मासे, बुडालेलं जहाज पाहायचं आणि वर येऊन आजीला सांगायचं.

होडीत माझ्या पाठीवर हवेची टाकी चढवली. फवारणीच्या पंपासारखीच, फक्त औषध आपल्याच तोंडात. काचेचा मुखवटा लावताना चष्मा आड आला, तो काढून सुनंदाबाईच्या ओटीत ठेवला. बरोबर उतरणाऱ्या माणसाने खुणा शिकवल्या. सगळं ठीक असेल तर बोटांचं कडं करायचं. अंगठा दाखवला म्हणजे वर न्या.

मी मान डोलावली. (चौथी नापास माणूस मान उत्तम डोलावतो.)

खाली त्याने खुणेनं विचारलं, ठीक ना? मी आनंदाने अंगठा दाखवला. त्याने मला वर आणलं.

"दखं का?" सुनंदाबाईने विचारलं.

"अजून नाही."

पुन्हा उतरलो. पुन्हा अंगठा. पुन्हा वर. रेशन दुकानातलं मशीन माझा अंगठा चार वेळा दाबूनही मानत नाही आणि इथे तो न दाबता मानला जात होता. तिसऱ्या खेपेला मी अंगठा मुठीत कोंबून ठेवला आणि तळाशी पोहोचलो.

तिथे काहीतरी मोठं काळं होतं. त्याच्या पलीकडे थोडं कमी काळं. गढूळ डोहात म्हैस बसावी तसं. मध्येच चार ठिपके हलले. बस.

वर आलो. तिचा चेहरा माझ्याकडे वळला होता, म्हणजे माझ्या जरा डावीकडे. मी सांगायला लागलो. हळदीसारखे पिवळे मासे, केळीच्या घडासारखे दाटीने. जहाजाचा गंजलेला जिना, त्याला लाल फुलं. जन्मात एवढं बोललो नव्हतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाली, "तुमना चष्मा मना वटीमा शे."

भूमिका दुसरीकडे पाहू लागली. मी समुद्राकडे पाहिलं. तोही दिसत नव्हता.

घरी आल्यापासून ती रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते मासे पुन्हा सांगायला लावते. मी सांगतो. परवा चुकून निळे म्हणालो.

"पिवळा व्हतात," ती म्हणाली. "मी दखेल शे."