अच्छाडकडे वळलेली अँटेना

शाळेत टीव्ही आला आणि अख्ख्या पाड्याला आनंद झाला. तोंड उतरलं ते एकट्या प्रल्हाद गुरुजींचं. तलासरीपलीकडच्या डोंगरातली ती शाळा गुरुजी एकटेच चालवत. आणि टीव्ही ठेवला कुठे, तर त्यांच्याच टेबलावर! खुर्ची गेली कोपऱ्यात.

"आता पाठ तो घेणार," गुरुजी घरी बायकोला, प्रभाताईंना म्हणाले. "मी काय करू? त्याच्यावरची धूळ पुसू?"

"पुसा की! घरी तर कधी फडकं हातात धरत नाही."

गंमत अशी, की अँटेना मुंबईकडे केली की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग गावातला काकड्या कौलांवर चढला, त्यानं अँटेना गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडकडे फिरवली आणि चित्र लख्ख आलं. पण बोलणं सगळं गुजराती! गुरुजी पडले सांगलीकडचे. बाजारात भाव विचारण्यापुरतंही गुजराती त्यांना जमत नव्हतं. पण टीव्हीवरचा पाठ रोज दाखवायचाच, असा वरून हुकूम. शेवटी त्यांनी आवाज पार बंद केला आणि चित्राला जुळेल तसं आपणच बोलायला सुरुवात केली.

आणि काय सांगू, गडी असा रंगला! पडद्यावर बेडूक आला की गुरुजी बेडकावर, पूल आला की पुलावर. कधी काय येईल याचा नेम नाही, म्हणून बिचारे संध्याकाळी मिळेल ते पुस्तक चाळून ठेवत. दांड्या मारणारी पोरं वेळेवर येऊ लागली. त्यांच्या आयाही दारात उभ्या राहून ऐकायच्या.

अशात डहाणूहून राऊत साहेब तपासणीला आले. साहेब जन्मापासून डहाणूत वाढलेले, गुजराती त्यांना घरच्यासारखं. आता बिंग फुटणार आणि नोकरीवर गदा येणार, हे गुरुजींनी मनाशी धरूनच टीव्ही लावला.

नेमका काळ्या कापडावर एक पांढरा गोल दिसला. गुरुजींनी छडी उचलली. "हा सूर्य! आता बघा, चंद्र कसा आडवा येतोय!"

खरंच एक काळसर गोल पांढऱ्यावर सरकला.

"लागलं ग्रहण!" गुरुजी गरजले. एवढ्यात पडद्यावर बांगड्यांचा हात आला. गुरुजी जराही अडखळले नाहीत. "या शास्त्रज्ञ बाई. सोपं करून दाखवताहेत."

राऊत साहेब उठले आणि त्यांनी आवाज वाढवला. बाई उडदाच्या पापडात हिंग किती घालायचा ते सांगत होती.

"गुरुजी, हे पापड आहेत!"

गुरुजींना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. साहेब पोरांकडे वळले. "ग्रहण कसं लागतं, कोण सांगेल?"

सुकी उभी राहिली. तिनं एका पोराला सूर्य केलं, एकीला पृथ्वी, स्वतः चंद्र होऊन मधे शिरली आणि सावली कुणावर पडते ते बिनचूक दाखवलं.

"आणि टीव्हीवर काय होतं गं?"

"पापड," सुकी म्हणाली. "आमाला पयल्यापासून ठावं."

"मग गुरुजींना सांगितलं का नाही?"

"पापड तं कुठं पण दिसतात, साहेब. ग्रहण गुरुजीच दाखवतात."

साहेब खो खो हसत सुटले. मग डोळे पुसत म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला या डबड्याची गरजच काय? उद्याच दुसऱ्या शाळेत हलवतो."

हेच ऐकायला गुरुजींचे कान आसुसले होते. पण त्यांनी झटकन दोन्ही हात टीव्हीवर ठेवले. "नको साहेब! इतकी वर्षं तेच तेच शिकवून मी गंजलो होतो. याच्या धाकानं पुन्हा वाचायला लागलो. याला नेऊ नका."

तेवढ्यात पडद्यावर कढईतलं तेल उसळायला लागलं.

"गुरुजी," सुकी ओरडली, "ज्वालामुखी!"

राऊत साहेबांनी हळूच आवाज बंद केला आणि पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले.