शिरस्तेदारांनी ऐकलेली तीन गाणी

न्यायालयातील शिरस्तेदारांनी आयुष्यभर एकच अभिमान बाळगला होता: दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही. (निकाल न्यायाधीश देत, शिरस्तेदार कागद पुढे सरकवत. पण घरी न्यायाधीश तेच होते.) म्हणून मुलीचा ड्रमसेट रविवारी भंगारात जाईल, असे त्यांनी जाहीर केले तेव्हा ती शांतपणे एवढेच म्हणाली,

‘‘बाबा, आमची बाजू ऐकलीत?’’

शिरस्तेदार अडकले.

‘‘तीन गाणी ऐकेन. देवाने दिलेल्या कानांना पटेल असे काही निघाले, तर ड्रम राहील.’’

‘‘कबूल. पण खोटं बोलायचं नाही.’’

‘‘कोणी? मी?’’

सायंप्रार्थना आटोपून ते खुर्चीत ताठ बसले, कानांवर हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

‘‘दात काढून घ्यायला बसल्यासारखे काय बसलात?’’ दारातून पत्नीने विचारले.

पहिले गाणे गोदीतल्या तीन हमालांच्या पंक बँडचे होते. हरकत घ्यायला शिरस्तेदारांनी बोट उचलले, तोवर ते संपले.

‘‘एवढंच?’’

‘‘पंक आहे, बाबा. सांगायचं ते सांगितलं आणि थांबले.’’

न्यायालयातले एकेक वकील शिरस्तेदारांच्या डोळ्यांपुढून गेले. हमालांविषयी त्यांच्या मनात प्रथमच आदर दाटला.

दुसरा रॉक बँड दोन परिचारिका बहिणींचा. गाणे पायरी पायरीने चढत गेले आणि माथ्यावर पोहोचताच एकाएकी निःशब्द झाले. शिरस्तेदारांनी श्वास रोखला. शेवटचा ठोका पडला तेव्हाच तो सुटला.

‘‘यांना कोणी ओळखत कसे नाही?’’

‘‘लोक ऐकायच्या आधीच निकाल देतात, बाबा.’’

शिरस्तेदारांनी आवाज स्वतःच्या हाताने वाढवला.

तिसरे गाणे मेटल होते. प्रथम ढग उतरावेत तसे गिटार उतरले; त्याखाली ड्रम असा चालू लागला की खुर्चीचे पायही जमिनीवर आहेत की नाहीत, याची शिरस्तेदारांना शंका आली. मग तो आवाज आला. त्यात शब्द नव्हते. नाभीपासून उठलेली एक खोल, विदीर्ण गर्जना; जणू देवाच्या बंद दारावर कोणी जीव खाऊन धडका देत होता. शिरस्तेदारांच्या अंगावर काटा आला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तळहात गुडघ्यांवर ताल धरू लागले, मान डोलू लागली.

‘‘अगं, धाव! यांना झटका आलाय!’’ पत्नी ओरडली.

‘‘शांतता!’’ शिरस्तेदार गरजले. (कान झाकलेले असल्याने ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेले.)

गाणे संपल्यावर त्यांनी हेडफोन उतरवून हात जोडले.

‘‘ड्रम राहील,’’ ते म्हणाले. ‘‘पण हे गायक कोण? असा टाहो साधनेशिवाय फुटत नाही. त्यांना घरी बोलाव. मी वाकून नमस्कार करीन.’’

मुलगी पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागली.

‘‘खोटं बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून सांगते. हा आमचाच बँड. ड्रम मी वाजवलाय. आणि रेकॉर्डिंग चालू असताना ‘बंद कर’ म्हणून ओरडत माझं दार कोण बडवत होतं, आठवतंय? आम्ही तो आवाज फक्त शब्द विरेपर्यंत संथ केला.’’

पत्नी पदर तोंडाला लावून खाली बसली. ‘‘नमस्कारच करायचा तर आरसा आतल्या खोलीत आहे हो!’’

दिलेला शब्द शिरस्तेदारांनी पाळला. रविवारी ड्रम जागच्या जागी राहिला.

सोमवारी सकाळी पलंगावर ओला टॉवेल पडलेला दिसला. शिरस्तेदारांनी छाती भरून श्वास घेतला, तोच मुलगी माइक घेऊन धावत आली.

‘‘थांबा, बाबा, थांबा! हं, आता. नाभीतून!’’

शिरस्तेदारांनी तोंड उघडले. बारीकसा खोकला आला. मग त्यांनी टॉवेल उचलला आणि मुकाट्याने दोरीवर वाळत घातला.

‘‘माइक ठेवून दे गं,’’ स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली. ‘‘कलावंतांचा आज घसा बसलाय.’’