सुभेदार आणि मूळची एसएसडी

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा सुभेदार गलांडे यांनी डॉक्टरांपुढे हात पसरला आणि डोळ्यातलं मूळचं भिंग परत मागितलं. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. ते हसत म्हणाले, "आजोबा, ते आतच बारीक करून ओढून घेतो आम्ही. शिल्लक काही राहत नाही." घरी येताना जिन्यात मी भेटले, तेव्हा सुभेदार मला म्हणाले, "वैनी, बाहेरचं भिंग बसवलंय. झकास हाय. अजिंक्यताऱ्यावरची झाडं मोजून घ्या. पण उद्या कुठं अडलं, तर मूळचं घालून बघायची सोयच ठिवली न्हाई या लोकांनी."

साताऱ्यातल्या आमच्या इमारतीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे म्हसवडकडचे. घरात मेंढरं होती, वडलांबरोबर चार महिने घाटाखाली फिरण्यात बालपण गेलं. मग सैन्यात सिग्नलमध्ये भरती झाले आणि आयुष्यभर वायर आणि वायरलेस सांभाळून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पत्नी पुष्कळ वर्षांपूर्वी गेली. मुलगी पाचगणीला एका निवासी शाळेत रेक्टर आहे. रविवारी-सणावारी बाकीच्यांना सुट्टी असते तेव्हा तिचं काम वाढतं, त्यामुळे तिचं येणं थोडं.

"मूळचं टाकायचं न्हाई" हे त्यांचं ब्रीद. नवा नळ बसवला की जुना नळ पुसून कपाटात जातो. दाताला टोपी बसवली तेव्हा दाताचा जेवढा तुकडा निघाला, तेवढा ते डबीत घालून घेऊन आले. सोसायटीने पाण्याची मोटर बदलली, तेव्हा भंगारवाल्याच्या हातगाडीवरून त्यांनी जुनी मोटर उतरवून घेतली. ती अजून त्यांच्या गॅलरीत आहे. सभेत कुणीतरी हरकत घेतली, तर हे शांतपणे म्हणाले, "नवी जळंल तवा माझ्याकडं येऊ नका मंग." नवी मोटर अजून जळलेली नाही. याचं त्यांना थोडं वाईट वाटतं, असा मला संशय आहे.

पण नळ आणि मोटर हा नुसता सराव. त्यांची खरी भक्ती कॉम्प्युटरवर. निवृत्तीनंतर त्यांनी एक टेबलावरचा कॉम्प्युटर घेतला आणि महिन्याभरात तो उघडून पुन्हा जोडला. नंतर इमारतीतले सगळेच कॉम्प्युटर आपल्या हद्दीत येतात असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पण छातीवर पट्टी असल्यासारखा माणूस दारात उभा राहिला आणि "मशीन दावा" म्हणाला, तर नको कोण म्हणणार?

माझे यजमान शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांनी घेतलेल्या कॉम्प्युटरची कंपनी मोठी होती, पण आत बसवलेली एसएसडी, म्हणजे सगळं साठवून ठेवणारी पट्टी, फार लहान होती. ह्यांना वीरगळांचा नाद. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी गावाबाहेर उभे केलेले ते कोरीव दगड. माण, खटाव, जत, आटपाडी असं फिरून ह्यांनी त्यांचे हजारो फोटो काढले होते. ते मावेनात, तेव्हा सुभेदारांनी दुसऱ्या कंपनीची मोठी एसएसडी आणायला लावली आणि स्वतः बसवली. मूळची काढली, ती आपल्याकडे ठेवून घेतली. ह्यांनी विचारलं, "आता हिचा काय उपयोग?" सुभेदार म्हणाले, "सर, ती घरची हाय. बाहेरचीच्या जिवावर घरचीला हाकलायची नसती."

मागच्या वर्षी हे गेले. वीरगळांचं पुस्तक जवळजवळ तयार होतं. मजकूर होता, फोटो जागेवर बसले होते, फक्त शेवटचं वाचन राहिलं होतं. सांगलीच्या छापखान्याशी बोलणंही ह्यांनीच करून ठेवलं होतं. वर्षश्राद्धाला पुस्तक हातात असावं असं मी ठरवलं. मी शाळेत ग्रंथपाल होते, वाचणं हे माझंच काम. मी ह्यांच्या खुर्चीवर बसून रोज थोडं वाचू लागले.

मात्र मी सावकाश वाचते. आणि हल्ली वाचता वाचता थांबते. ह्यांचं एखादं वाक्य कानात ह्यांच्याच आवाजात ऐकू आलं, की मला काही वेळ पुढे जाता येत नाही. तेवढ्यात पडदा काळा व्हायचा. म्हणजे मशीन झोपायचं. मग मी कळ दाबावी, तर ते उठायचंच नाही. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पडदा मात्र काळाच. बटण दाबून बंद करून पुन्हा चालू करावं, तर केलेल्या दुरुस्त्या गेलेल्या. एकच प्रकरण मी असं कितीदा तरी वाचलं. वर्षश्राद्ध जवळ येत होतं आणि मी अजून खटाव तालुक्यातच होते.

शेवटी सुभेदारांना बोलावलं. ते हात धुऊन, घड्याळ काढून आले. मशीन झोपवून पाहिलं, उठवून पाहिलं, कान लावून ऐकलं.

"फर्मवेअर जुनं हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आवं वैनी, छावणीत सगळ्यांच्या आधी बिगुलवाला उठतो का न्हाई? तो उठून बाकीच्यांना उठवतो. तसं हे. सगळ्यांच्या आधी उठणारं. आपला बिगुलवाला जुन्या तालमीतला. ही बाहेरची एसएसडी नव्या जातीची. निजल्यावर तिला कशी हाक मारायची, ते त्याला ठावं न्हाई. त्याला नवं शिकवाय लागतंय."

"मग शिकवा."

"शिकवतो. पण कंपनीचं अपडेट बाहेरच्या एसएसडीवर बसतच न्हाई. आदी मूळची दावा म्हणतंय. तिला आत घालायची, तिच्यावरनं मशीन उठवायचं, अपडेट घ्यायचं, मंग तिला काढून बाहेरची परत." मला काही कळलं नाही, हे त्यांना दिसलं. "मेंढी असती ना, तिचं कोकरू मेलं आन दुसरं पोरकं कोकरू लावलं, तर ढुशी मारती. पाजत न्हाई. तवा आमचा बा मेलेल्या कोकराचं कातडं त्या पोरक्याच्या अंगावर घालायचा. वास घरचा आला की पान्हा सोडायची. कंपन्या काय, मेंढराच्याच जातीच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ ठरली. फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली तर मशीन कायमचं बसतं, मग त्याला कुणीच उठवू शकत नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. त्यामुळे तयारी लढाईची होती. त्यांनी वायरमनला गाठून त्या दिवशी वीज बंद ठेवणार नाहीत ना, याची खात्री केली. वीज गेल्यावर काही मिनिटं मशीन चालवणारा ह्यांचा बॅटरीचा डबा होताच, शिवाय स्वतःचा खांद्यावर घालून आणला. सगळ्या घरांत फिरून मिक्सर, इस्त्री आणि गिझर बंद ठेवायला सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "चटणी अर्धी वाटलीय हो." तर म्हणाले, "अर्धीच खावा आज." लिफ्ट चालू झाली की व्होल्टेज पडतं, म्हणून लिफ्टही बंद करायची होती. ते काम त्यांनी वॉचमन जाधवांवर सोपवलं. जाधवही माजी सैनिक. शिपाई म्हणून निवृत्त झालेले आणि सुभेदारांसमोर अजून ताठ उभे राहणारे.

मग ते मूळची एसएसडी घेऊन आले. स्टीलच्या डब्यात, गुलाबी पिशवीत, त्यावर जुन्या धोतराचं फडकं. "घोंगडीत का नाही गुंडाळली?" मी सहज विचारलं. त्यांनी माझ्याकडे फार दुःखाने पाहिलं. "लोकर घासली की वीज बसती, वैनी, तिनं पट्टी जळती. जलमभर लोकरीवर जगलो आन म्हातारपणी तीच वैरी झाली."

त्यांनी बाहेरची काढली, मूळची बसवली, झाकण लावलं, बटण दाबलं. पडदा उजळला आणि मी दचकले.

ह्यांचं कित्येक वर्षांपूर्वीचं टेबल समोर आलं. ती एसएसडी निघाली त्या दिवशी होतं तसंच. मागे कास पठारावरच्या फुलांचा फोटो. कोपऱ्यात दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर. 'किराणा' नावाची फाइल. म्हणजे हे तेव्हा नोकरीत होते, अजून आजारी नव्हते, आणि संध्याकाळी येताना काय आणायचं ते इथे टिपत होते. ती सगळी वर्षं एका स्टीलच्या डब्यात वरच्या मजल्यावर शाबूत होती आणि मी खाली एकटी आहे असं समजत होते.

सुभेदारांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टाच फिरवून खिडकीकडे तोंड केलं. पाठ ताठ, हात बाजूला. "तुमचं झालं की सांगा," ते खिडकीला म्हणाले. "अपडेट कुठं पळून जात न्हाई."

अकरा कधीच वाजून गेले होते. मी डोळे पुसून "हं" म्हटलं, तेव्हा ते परत फिरले आणि त्यांनी अपडेट सुरू केलं.

पडदा काळा झाला. त्यावर एक पांढरी रेघ उमटली आणि मुंगीच्या चालीने पुढे सरकू लागली. पंखे जोरात फिरू लागले. इमारतीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. रेघ अर्ध्यावर आली असेल नसेल, आणि डोक्यावरचा पंखा मंदावला. दिवा गेला. बॅटरीचा डबा बीप बीप करू लागला.

वीज गेली होती.

मी सुभेदारांकडे पाहिलं. एवढा करारी माणूस, पण चेहरा राखेसारखा झाला होता. मग ते टेबलाशी उकिडवे बसले, मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि मी कधी न ऐकलेल्या आवाजात बोलू लागले. "थांब गं बाये. घाबरू नगंस. मी हाय न्हवं हितं. जरा कळ काढ. आलंय, आलंयच बघ आता. शाणी माजी ती." व्यायला आलेल्या मेंढीपाशी माळावर बसलेला एक पोरगा मला तिथे दिसला. ते पत्र्यावरून हात फिरवत राहिले, डबा ओरडत राहिला आणि रेघ सरकत राहिली. अंगावर काटा येणं मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. त्या दिवशी तो आला.

रेघ टोकाला लागली. मशीन एकदा गप्प झालं आणि मग ओळखीचा सूर काढून उठलं. कासची फुलं पुन्हा दिसली. सुभेदार तिथेच जमिनीवर बसले.

थोड्या वेळाने वीज आली आणि पाठोपाठ दारात जाधव आले.

"काम फत्ते, साहेब. मेन पाडला व्हता. सांगितला तेवढा येळ झाला, आता चढवला."

"कंचा मेन?" सुभेदारांनी विचारलं.

"लिफ्टचा कंचा ते लय येळ कळंना. म्हनलं हुकूम चुकाय नगं. अख्ख्या बिल्डिंगीचाच पाडला."

मला वाटलं, आता काही खरं नाही. सुभेदार जाधवांकडे बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "हुकूम नीट दिला न्हाई मी. तुजी चूक न्हाई. जा." जाधव गेल्यावर मला म्हणाले, "लिफ्ट चालू राहिली असती तरी चाललं असतं, वैनी. पण लय काळजी घेतली."

मूळची काढून गुलाबी पिशवीत गेली, बाहेरची परत बसली, पुस्तक उघडलं. खटावचाच वीरगळ. "आता निजवून बघू," सुभेदार म्हणाले. आम्ही पडदा काळा होण्याची वाट पाहत बसलो. इतक्या वर्षांत ते आमच्या घरी कधी बसले नव्हते. काम उभ्याने, चहा उभ्याने. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी खुर्ची ओढली.

पडदा काळा झाला. जरा थांबून मी कळ दाबली. वीरगळ लगेच समोर आला, निजण्याआधी होता त्याच ओळीवर. मी म्हटलं, "उठलं हो." पुस्तक आता पुरं होणार होतं. श्राद्धाच्या आधी सांगलीला जाणार होतं. मला हसू आलं आणि ते पुष्कळ दिवसांनी आलं होतं.

सुभेदार मान हलवत राहिले. डबा मांडीवर, उठायचं नाव नाही.

"एकदा उठली म्हंजी खात्री झाली असं न्हाई," ते म्हणाले. "आणखी एकदा निजवू."

ती उठणार हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी कळेवरचा हात मागे घेतला. पडदा पुन्हा काळा झाला. मग सुभेदार डब्याच्या झाकणावर बोट फिरवत म्हणाले, "सर दर रविवारी हाक मारायचे. मशीन अडलंय म्हणायचे. खाली येऊन बघावं तर काय बी अडलेलं नसायचं. निस्ते दगड दावत बसायचे मला. ह्यो कोण, त्यो कोण, कसा मेला." मग पुढे म्हणाले, "सर गेले आन कुणाचंच मशीन अडंनासं झालं."

कळ माझ्या हाताशी होती. मी ती दाबली नाही. चहाचं आधण ठेवायला उठले आणि म्हणाले, "सुभेदार, रविवारी मोकळे असाल तर जतचं प्रकरण बघायला याल का? तिथे ते नेहमीच अडतं."