सीबी की पीएलएस: उर्से नाक्यावर अडलेला तपास

लोणावळ्यात मातीतल्या पाऊलखुणा ओळखणारे पुष्कळ असतील, पण आकड्यांच्या पाऊलखुणा काढणारा गुप्तहेर आपण एकटेच, असं प्रज्ञेशचं प्रामाणिक मत होतं. पीएच.डी.चे अडलेले विद्यार्थी त्याच्याकडे रांगा लावत. म्हणजे लावाव्यात, अशी त्याची इच्छा होती. आली ती अम्मारा.

तिच्या अब्बांचे पवनेकाठी भाड्याचे तंबू होते. पाहुणे पुन्हा का येतात, यावर तिचा व्यवस्थापनशास्त्राचा प्रबंध. सेवा, समाधान आणि परतायची ओढ यांचे धागे कसे गुंतलेत, ते स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग या संख्याशास्त्रीय तंत्रानं उलगडायचं होतं. त्याच्या पद्धती दोन, कोव्हेरियन्सवर बेतलेली सीबी आणि पार्शियल लीस्ट स्क्वेअर्सची पीएलएस. मार्गदर्शक अनघा मॅडम "विचार करून निवड" एवढंच म्हणाल्या होत्या. उद्या समितीपुढे निवडीचं कारण देता आलं नाही, तर वर्ष वाया.

"संशयित दोन," प्रज्ञेश गंभीरपणे म्हणाला. "एक निर्दोष आहे."

आधी त्यानं सीबीला दोषी ठरवलं, कारण नमुना लहान होता, प्रश्नावली भरून दिलेले पाहुणे थोडेच होते. मग वाटलं, लहान नमुन्याला पीएलएस हे तर सगळेच म्हणतात. सगळ्यांचं खरं असेल तर गुप्तहेर कशाला? म्हणून पीएलएसला पकडलं आणि चहा झाल्यावर पुराव्याअभावी सोडलं. शेवटी त्याला साक्षात्कार झाला की मॅडमना उत्तर ठाऊक आहे आणि त्या ते दडवताहेत.

दुपारी मॅडमची गाडी निघताच तो स्कूटरवरून मागं लागला. उर्स्याजवळ गाडी एक्स्प्रेसवेला लागली आणि टोलनाक्याच्या अलीकडं पोलिसानं त्याला थोपवलं.

"भाऊ, हितं दुचाकी चालत न्हाई. कुटं निघालात?"

"सत्याच्या मागावर."

"मग जुन्या रस्त्यानं जावा."

खजील होऊन त्यानं अम्माराला फोन लावला. ती निवांत होती. मॅडम निघायच्या आधीच तिनं त्यांना सरळ विचारलं होतं. त्यांनी उलट विचारलं, मांडलेला सिद्धांत तपासायचाय, की कोण परत येईल याचा अंदाज बांधायचाय? अंदाज, ती म्हणाली. अब्बांना पुढच्या हंगामाची तयारी करायचीय. मग पीएलएस घे, सीबी सिद्धांत तपासायला, पण नमुना लहान हे एकटं कारण समितीला सांगू नकोस, असं मॅडमनी बजावलं.

"मग हे त्यांनी आधी का दडवलं?" प्रज्ञेशनं खोल आवाजात विचारलं.

"दडवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी समितीनं तिची निवड मान्य केली. पेढे द्यायला आलेल्या अम्मारानं सहज चौकशी केली, "सर, तुमचा प्रबंध कोणत्या पद्धतीनं झाला?"

प्रज्ञेशनं पेढा सावकाश संपवला.

"तपास चालू आहे," तो म्हणाला.