आभारी माणसाचं भांडण

दावीद साळवेला त्याच्या देवानं फसवलं. हे मी लिहितो, कारण दावीद लिहिणार नाही. तो उलट देवाचे आभार मानेल.

आभार मानायची त्याला खोडच आहे. स्कूटर पंक्चर झाली की ती बाजूला लावून आधी वर बघणार. "आभार, प्रभू!"

"कशाचे रे?"

"घाटात नाय झाली, इथं झाली."

दूध नासलं तरी आभार, कारण त्याला पनीर आवडतं. वीज गेली तर शेजाऱ्याचा टीव्ही बंद पडला म्हणून आभार.

शहागंजाजवळ आमची दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. माझं जुन्या फर्निचरचं, त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं. मी देवगाव रंगारीहून एक पिशवी घेऊन या शहरात आलो आणि नुसत्या तोंडाच्या जोरावर दुकान उभं केलं. सांगितलेल्या भावात मी आजवर खिळासुद्धा घेतलेला नाही. आणि शेजारी मिळाला तो असा. गिऱ्हाईक कपाटावरून हात फिरवतंय, सौदा जमत आलाय, तेवढ्यात पलीकडून हा ओरडणार, "काशिनाथ, त्या कपाटाची वाळवी गेली का रे? मी प्रार्थना केली होती!"

गिऱ्हाईक निघून जायचं. मी तणतणत त्याच्या दुकानात शिरायचो. तो चहा मागवायचा आणि पिण्याआधी डोळे मिटून प्रार्थनेला बसायचा. ती इतकी लांबायची की चहावर साय धरायची आणि मी कशासाठी भांडायला आलो होतो तेच मला आठवायचं नाही.

भाजी घ्यायला मी त्याला एकटं जाऊ देत नसे. भाजीवाली सांगेल तो भाव हा देणार, वर तिचेही आभार.

"अरे, थोडं कमी कर म्हण की तिला!"

"तिनं विचार करूनच सांगितलं असंल ना?"

नाताळात चर्चवर चांदणी टांगायचं काम दरवर्षी त्याचंच. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आत बल्ब. गेल्या नाताळाच्या आधी ती टांगताना तो शिडीवरून पडला. मणका मोडला. ऑपरेशन झालं, पण कमरेखाली काहीच हलेना.

मी आधी चर्चच्या आवारात गेलो. कुणाची तरी गचांडी धरायची होती. शिडी हलवून पाहिली, मजबूत होती. वायर तपासली, धड होती. खाली फरशी कोरडी. शिडी धरणारे दोघं धडधाकट, दोघंही रडत होते. दोष कुणाला द्यायचा? मग उरला कोण? ज्याच्या घराचं काम चाललं होतं, तो!

तिथून डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, "चाकाची खुर्ची लागेल."

"काठीवर मिटवा," मी म्हणालो.

"अहो काका, हा काय बाजार आहे का?"

"बरं, वॉकर. तुमचंही राहिलं, माझंही राहिलं."

"बघू," म्हणाले. 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे. द्यायचं नसलं की मी गिऱ्हाइकाला हेच सांगतो.

दावीदची बायको वारून बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यामुळे दुपारचा डबा माझ्याकडून. मी त्याच्या घरी जाई तेव्हा खाटेभोवती चर्चच्या मंडळीतली माणसं गाणी म्हणत असत. पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. दावीद प्रत्येकाला हसून "आभार, आभार" म्हणे. मला संताप येई. पायांची ही गत झाली, आणि आभार कसले मानतोस?

एके दुपारी सगळे लवकर गेले. मी डबा उघडला, वांग्याची भाजी वाढली आणि सवयीनं हात बांधून बसलो. प्रार्थना संपेस्तोवर जेवायचं नाही, एवढी शिस्त त्यानं मला लावली होती. दावीदनं भाकरी मोडली आणि सरळ घास तोंडात घातला.

"अरे, तुझी ती प्रार्थना?"

त्यानं घास गिळला. मग म्हणाला, "नाय होत रे."

"म्हणजे?"

"माणसं आली की आभार तोंडातून निघतंय, सवयीनं. एकटा पडलो की डोळे मिटतो, तर तिकडून काहीच नाय. आधी कसं, कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. बायको गेली तेव्हाबी वाटलं होतं. आता लई राग येतो, काशिनाथ. त्यालाच विचारावं वाटतं, की माझं काय चुकलं? पण जीभ उचलत नाय. जन्मात त्याच्याशी भांडलोच नाय मी."

मी पाणी पुढं केलं.

"तू भांड," तो म्हणाला.

"मी? मी तुमच्या मंडळीतला तरी आहे का?"

"म्हणूनच तर. तुला भीड नाय. आन् तुझ्याइतकं चिवट कुणी नाय. ऐकल्याबिगर उठत नाय तू."

आयुष्यभर माझ्या घासाघिशीला हसणारा माणूस हे म्हणत होता, तेही माझा हात धरून.

तेव्हापासून मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी चर्चमध्ये जातो. दावीदच्या बाकावर बसतो. चांदणी कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली आहे, एक कोन चेपलाय. ती परत टांगायला कुणी धजलं नाही. पाळकसाहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "प्रार्थना करताय?" मी म्हणालो, "नाही, तक्रार आहे." ते मान हलवून आत गेले.

मी समोर बघून सांगतो. या माणसानं तुला कधी कमी कर म्हटलं नाही. बायको नेलीस, त्यानं ऐकून घेतलं. पाय घेतलेस, त्याबद्दल मी भांडेनच, ते वेगळं. पण तू त्याच्याशी बोलणं का बंद केलंस? ज्याला दुसरं कुणी नाही, त्याच्याशी?

रोज दुपारी दावीद घास हातात धरून मला विचारतो, "काय म्हणाला?"

आज पुन्हा डबा घेऊन जायचंय. मी त्याला काय सांगू? बोल.